जवळीक

नाशिककरांना देव दूर आहे असे वाटायचे काही कारण नाही. रामकुंडावर पहाटे स्नानाला उतरणारी माणसे, काळारामाच्या दारातली रांग, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाल येशूच्या यात्रेसाठी लोटणारी गर्दी, हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो. देवाच्या जवळ येण्यासाठी लोक कुठून कुठून येतात, आपण तर इथेच राहतो! पण पत्ता जवळचा असला म्हणजे माणूस जवळचा होतोच असे नाही, हे चाळीत राहणाऱ्यांना सांगायला नको. देवाच्या बाबतीतही तसेच असावे.

मी ख्रिस्ती घरात वाढले. मैत्रिणी कधी विचारतात, "रविवारी तुम्ही चर्चला जाता ते ठीक, पण सोमवार ते शनिवार काय करता?" प्रश्न थट्टेचा असतो, पण मला तो मोलाचा वाटतो. रविवारचा धर्म सोपा असतो. धुतलेले कपडे, पेटी-तबल्यावर टिळकांची गीते, उपदेश आणि बाहेर आल्यावर गप्पा. खरी परीक्षा सोमवारी नळाला पाणी आल्यावर सुरू होते.

टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी अभंग-ओवीच्या वळणावर ख्रिस्तभक्तीला मराठी घर मिळवून दिले. पण सोमवारच्या धर्माविषयी मला अधिक शिकवले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! 'स्मृतिचित्रे'मधले हे वर्णन वाचताना हसू आवरत नाही. हसून झाल्यावर मात्र विचार येतो, की त्या सोवळ्यामागेही देवाच्या जवळ राहण्याचीच धडपड असणार. फक्त हिशेब असा, की माणसांपासून जितके दूर, तितके देवाच्या जवळ.

१८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा गेला म्हणून त्या लगेच मागोमाग गेल्या नाहीत. पुढची काही वर्षे दोघांची ताटातूटच होती. एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आधी सोडले नाही. मग एकदा त्यांच्या मनाने प्रश्न धरला, की जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी ठरवले, की आता कोणाच्याही हातचे खायचे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण माझ्या मते तो आधी स्वयंपाकघरात झाला होता. पुढे त्यांच्या घरात निराधार मुले वाढली. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिले. ते हिंदूच राहिले आणि तरीही घरचेच झाले. लक्ष्मीबाई १९३६ साली नाशिकलाच वारल्या.

जुना हिशेब त्यांनी उलटा मांडला. देवाच्या जवळ गेलेला माणूस माणसांच्या जवळ आलेला दिसला पाहिजे. आम्ही ख्रिस्ती लोकांनीही हा हिशेब पुरता शिकलेला नाही. आमच्यातही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जातेच.

आमच्या घराजवळच्या शरणपूरचे नावही हेच सांगते. आज शरणपूर रोड म्हटले की दुकाने आणि दवाखाने डोळ्यांसमोर येतात. पण एकोणिसाव्या शतकात इथे मिशनची वसाहत होती, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईमार्गे इथे शिकायला आणली जात. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय तिथल्या मातीत पुरताना प्रार्थना वाचली ती याने. मग त्याचे शव खांद्यावरून महिनोन्महिने वाहून किनाऱ्याला पोहोचवणाऱ्यांतही तो होता. ज्याला एकेकाळी कोणीतरी जवळ केले होते, त्याने दुसऱ्याला शेवटपर्यंत अंतर दिले नाही.

ही झाली मोठ्या माणसांची गोष्ट. आमच्या घरात ही जवळीक आजीच्या पहाटेच्या प्रार्थनेत असते. आजी निवृत्त नर्स. पाणी भरून झाले की ओट्यापाशीच उभी राहून ती मोठ्याने एकेकाचे नाव घेते. आधी घरचे, मग शेजारचे, मग झाडूवाल्या मावशी, आणि सगळ्यांत शेवटी पप्पांच्या जुन्या मालकांचे नाव. या गृहस्थांनी पप्पांचा आठ महिन्यांचा पगार अडकवून त्यांना कामावरून काढले. माझी फी आजीच्या पेन्शनमधून भरली गेली. इतर नावांना मी सहज 'आमेन' म्हणत असे. त्या नावापाशी मात्र घसा कोरडा पडे.

एकदा मी चिडून विचारले, "आजी, त्यांच्यासाठी कशाला गं?"

ती म्हणाली, "त्याचे नाव गाळले की माझी प्रार्थना अडते बाळ. पुढे सरकतच नाही."

याचा अर्थ अन्याय गिळून बसा असा नव्हे. कामगार न्यायालयात दावा लावायला पप्पांच्या मागे लागली तीही आजीच. "हक्काचे पैसे सोडू नकोस, पण शाप देऊ नकोस," एवढेच तिचे म्हणणे. सुरुवातीला मला यात विसंगती वाटे. हळूहळू लक्षात आले, की पैसे मागताना माणसाचा चेहरा दिसत राहतो, आणि शाप देताना तो पुसला जातो. चेहरा पुसला गेला की देवाशी बोलणेही आपले आपल्याशीच होते.

दाव्याच्या तारखा अजून पडतच आहेत. पैसे आलेले नाहीत, आणि मालकांचे मन पालटल्याची काही खूणही नाही. बदल झाला तो एवढाच. पूर्वी त्यांचे दुकान टाळण्यासाठी आम्ही लांबचा वळसा घालून जात असू. पप्पा आता सरळ त्या रस्त्याने जातात, मीही जाते. दुकानावरून जाताना छाती धडधडत नाही. त्या नावाला मी 'आमेन' म्हणते. रोज मनापासून निघते असे नाही, पण म्हणते.

'सोमवार ते शनिवार काय करता?' या प्रश्नाला माझ्याकडे मोठे उत्तर नाही. जे नाव घेताना जीभ अडखळते, ते नाव घेऊन दिवस सुरू करायचा आणि मग त्याच रस्त्याने कॉलेजला यायचे, इतके मात्र सांगता येईल.