खर्ज मोकळा होतो तेव्हा

रविवार, दुपार.

आज स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढले आणि डग्गा मोकळा झाला. कोपऱ्यात होते तेव्हा खर्ज भरपूर होता, पण सगळा एकसुरी. मनगट सरकवून काढलेली मींड ऐकूच यायची नाही, नुसता घुमारा. आता हाताचा दाब वाढताना स्वर कसा चढतो ते स्पष्ट कळतं. ठेका ऐकण्यातलं निम्मं सुख तिथेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

कारण खोलीतच आहे. 40 हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब. माझी खोली जेमतेम 12 फुटांची. समोरासमोरच्या भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून पडतो. भिंतीलगत तो फुगतो आणि खोलीच्या नेमक्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून खुर्चीही मधून उचलून थोडी मागे घेतली.

वायरीही तपासल्या. एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडली गेली, की एकाचा शंकू पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघे मिळून खर्जच खाऊन टाकतात. जाड पडदे, गालिचा यांवर भिस्त ठेवू नये. ते वरचे स्वर शोषतात. इतक्या लांब लहरींना त्यांचा अडसर वाटत नाही.

सबवूफर घ्यायला दुकानात जाण्याआधी एक दुपार स्पीकर आणि खुर्ची सरकवून बघा. त्याला पैसा लागत नाही.