नागोठण्याच्या नाक्यावर

मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या प्रवाशाच्या लेखी नागोठणे हे गाव नसून एक अंतर आहे. पेण मागे पडले, आता नागोठणे, मग कोलाड, असे म्हणत तो घड्याळाकडे पाहतो आणि पुढे जातो. आम्हीही कित्येक वर्षे असेच पुढे गेलो. नगररचना व वाहतूक हा आमच्या अध्यापनाचा विषय. तरी या गावी उतरून चार पावले चालावे, असे आम्हांस कधी सुचले नाही. योग आला तो विद्यार्थ्यांमुळे. वाहतूक-गणनेचा वर्गात शिकविलेला पाठ प्रत्यक्ष गिरवून घ्यावा, म्हणून एका पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही त्यांना घेऊन नागोठण्याच्या नाक्यावर जाऊन बसलो.

गणनेची रीत सोपी आहे. कागदावर रकाने आखावयाचे आणि जाणाऱ्या प्रत्येक वाहनामागे त्याच्या रकान्यात एक रेघ ओढावयाची. मग येतो गुणाकार. इंडियन रोड्स काँग्रेसने खेड्यापाड्यांतील रस्त्यांसाठी 1990 साली जे निर्देश दिले, त्यांत मोटार ही एक धरली, तर बस किंवा ट्रक तीन, सायकल अर्धी आणि मोठी बैलगाडी आठ! वाचकांस बैलगाडीचा हा मान पाहून हसू येईल. परंतु हे आकडे थोरवीचे नव्हेत. ते वाहन रस्ता किती अडविते, एवढेच ते सांगतात. या हिशेबात पन्नास माणसांनी भरलेली एस.टी. आणि एकेका माणसाच्या तीन मोटारी यांचे वजन सारखेच. पायी चालणाऱ्यांसाठी त्या संस्थेचे वेगळे निर्देश आहेत, हे खरे. परंतु रस्ता किती रुंद हवा हे ज्या तक्त्यावरून ठरते, त्यात त्यांचा रकाना नाही.

दुपार व्हावयास आली होती. डोक्यावर काकड्या-शिराळ्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी समोरच्या कडेला उभी होती. दोनदा तिने पाऊल पुढे टाकले आणि दोनदा मागे घेतले. शेवटी एक टँकर मंदावला, तेव्हा ती लगबगीने अलीकडे आली आणि दम खाण्यासाठी आमच्या मुलांजवळच टेकली. या रेघा कसल्या, असे तिने विचारले. मुलांनी समजावून सांगितले. तिने कागदाकडे थोडा वेळ पाहिले आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "आणि आमची रेघ कुठं मारलीत, मास्तर?"

"मावशी, हा कागद गाड्यांचा आहे," आम्ही म्हणालो.

"बरं, मग गाडीत बसले की मोजा," असे म्हणून ती हसली आणि पाटी उचलून बाजाराकडे चालती झाली.

मुलेही हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही.

जेवणानंतर आम्ही अंबा नदीवरील जुना पूल पाहावयास गेलो. चौलच्या काजी अलाउद्दीन याने तो 1580 च्या सुमारास बांधिला, अशी कुलाबा जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटियरात नोंद आहे. आणि कठड्यांमधील जागा गाड्यांस अपुरी, हा त्याचा दोषही तेथेच नमूद आहे. त्या काळी भरतीच्या पाण्याबरोबर धरमतरच्या खाडीतून गलबते येथवर येत. पूल बांधणाराच्या मनात पायी माणूस आणि लादलेले जनावर एवढीच मापे असावीत. तो काही लोककल्याणाचा अवतार होता, असे आमचे म्हणणे नाही. तो पूल फौजेच्या सोयीसाठी झाला असे सांगतात. परंतु ज्याने ज्याचे माप घेतले, त्यालाच त्याचे बांधकाम सोयीचे झाले.

येथे कोणी म्हणेल, की प्राध्यापकमहाशय आता मोठ्या रस्त्यांस नावे ठेवणार. तसे नाही. पनवेलपासून इंदापूरपर्यंत या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. गणपतीस गावी निघालेल्या चाकरमान्यांचे त्या वर्षांत जे हाल झाले, ते आम्हीही भोगले आहेत. रस्ता हवाच. प्रश्न एवढाच, की तो आखण्यापूर्वी कोणाची मोजणी झाली.

हा प्रश्न आमच्या विद्येस नवा नाही. 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन करणारे पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानातील शहरांच्या गल्ल्यांतून पायी हिंडत. आधी निदान, मग उपचार, हा त्यांचा आग्रह. तसे न करता आखलेला सरळ रस्ता पुष्कळदा नांदती घरे पाडून जातो, हे त्यांनी परोपरीने सांगितले. पुढे पुण्यास धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी केली. ती 1935 साली प्रसिद्ध झाली. एस.टी. सुरू झाली 1948 साली, म्हणजे तेरा वर्षांनी. हे सारे आम्ही दरवर्षी शिकवितो. शिकविणे आणि स्मरणे यांत अंतर असते, ते त्या दिवशी कळले.

घरी परतल्यावर आम्ही आमचाच एक जुना अहवाल काढून पाहिला. काही वर्षांपूर्वी एका लहान शहराच्या चौकाबद्दल तो आम्ही लिहून दिला होता. त्यात पायी जाणाऱ्यांचा आणि कडेस बसणाऱ्यांचा उल्लेख होता; नाही असे नाही. परंतु तो 'अडथळे' या मथळ्याखाली होता, आणि त्यांना आवरण्यासाठी लोखंडी कठडा घालावा, ही शिफारस आमच्या सहीची होती. ती मान्यही झाली. त्या चौकात आज तो कठडा उभा आहे आणि बाजारात जाणाऱ्या बायाबापड्यांस त्याला वळसा घालून जावे लागते.

पुढील महिन्यात मुलांनी आपण होऊन नागोठण्यास पुन्हा जाण्याचे ठरविले. या खेपेस त्यांनी दुसरा एक कागद आखला होता. रस्ता ओलांडावयास कोण उभे राहिले, हातात वा डोक्यावर काय होते आणि किती वेळ थांबावे लागले, असे त्याचे रकाने होते. दोन दिवस ती तेथे बसली. ती म्हातारी दिसली का, असे आम्ही परतल्यावर विचारले. नाही दिसली, असे उत्तर मिळाले.

तो कागद आता आमच्या वर्गात पहिल्या कागदाबरोबरच दिला जातो. जुन्या अहवालाबद्दल त्या शहराच्या नगरपालिकेस एक पत्र लिहावयाचे आहे. मजकुराची जुळवाजुळव तीनदा केली. परंतु आपल्याच सहीविरुद्ध लिहिताना लेखणी जड होते. या महिन्यात ते लिहून धाडावे, असा निश्चय आहे.