शंभर डॉलर बरोबर चारशे

बँकेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला डॉलरचा भाव ठाऊक असावा, अशी लोकांची अपेक्षा असते. परवा आमच्या चिंचवडच्या घरात शंभर डॉलरचा भाव चारशे ठरला आणि तो ठरवायला तीन पिढ्या खपल्या.

झालं असं, की आमचे चिरंजीव डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेत. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी-चिंचवडच्या शेतांत कारखाने उगवले, तेव्हापासून इकडच्या घरात एक तरी मुलगा मेकॅनिकलला जातोच. आमच्याने घरीच सीएनसी राउटर करायला घेतलं. म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं यंत्र. लोखंड कुदळवाडीच्या भंगारातलं (२०२५च्या फेब्रुवारीत पालिकेने ती गोदामं पाडली, त्याआधीची ही खरेदी), मोटारी आणि सर्किटं पुण्याच्या तपकीर गल्लीतली, आणि पैसे माझ्या खात्यातले. जागा अर्थातच सौ.च्या कपडे वाळत घालायच्या बाल्कनीतली.

अण्णांनी मात्र बाल्कनीकडे पाठ केली. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. अंकांच्या हुकमात चालणारं पहिलं मशिन १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये चाललं. अण्णांच्या खात्यात ते यायला पुढची चाळीसेक वर्षं लागली. ते आलं त्याच वर्षी अण्णांनी मला कॉमर्सला घातलं. म्हणाले, "खतावणी लिहिणारं मशिन अजून निघालेलं नाही." पुढे २००१ साली त्यांची लेथ भंगारात गेली, अण्णा व्हीआरएस घेऊन घरी आले आणि मी बँकेत चिकटलो. वर्षभरात तिथे खतावणी लिहिणारं मशिन आलं! तेव्हापासून आमच्या घरात 'सीएनसी' हा शब्द कोर्टात गेलेल्या भाऊबंदाच्या नावासारखा दबक्या आवाजात घेतला जाई.

तर, मशिन उभं राहिलं आणि चालेना. आधी संगणकाला ते दिसेचना. त्याला ड्रायव्हर नावाचा मध्यस्थ लागतो, तो घातला. मग पडद्यावर चिनी आणि मोडीच्या मधली काहीतरी अक्षरं उमटली. बोलण्याचा वेग जुळत नव्हता. तो ११५२०० असा ठेवल्यावर यंत्र माणसात आलं. आतला प्रोग्रॅम जीआरबीएल नावाचा, २००९ साली नॉर्वेतल्या एका गृहस्थाने सुरू केलेला आणि चक्क फुकट. त्यात डॉलरची दोन चिन्हं टाइप केली, की सगळ्या सेटिंगांची यादी येते आणि प्रत्येकीपुढे डॉलर! मला एकदम परदेशी विनिमय खात्यात बदली झाल्यासारखं वाटलं.

चिरंजीवांनी हुकूम सोडला, शंभर मिलिमीटर सरक. यंत्र साडेबासष्ट सरकून थांबलं. पन्नास म्हटल्यावर सव्वाएकतीस. सरकारी काम असावं तसं. इथे माझं बी.कॉम. जागं झालं.

"हे बघ," मी म्हटलं, "फरक ठरावीक असता, तर चार्जेस कापले गेलेत म्हणालो असतो. पण अर्ध्या रकमेला अर्धा फरक पडतोय. म्हणजे व्याजाचा दर चुकलाय."

चिरंजीवांनी आयुष्यात प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं. 'डॉलर शंभर' या सेटिंगात एका मिलिमीटरला किती पावलं टाकायची, तो दर असतो. तिथे मुळातलेच अडीचशे पडून होते. त्याने हिशेब मांडला. मोटारीच्या एका फेऱ्यात दोनशे पावलं, प्रत्येक पावलाचे सोळा तुकडे, झाले बत्तीसशे. स्क्रूच्या आट्यांत अंतर दोन मिलिमीटर. भागिले दोन, सोळाशे. टाकले सोळाशे, आणि पुन्हा शंभरचा हुकूम दिला.

यंत्र जे सुटलं, ते तीनशे मिलिमीटरच्या पाटाचं टोक गाठून तिथे धडका देऊ लागलं. मोटार किंचाळली, मी किंचाळलो, सौ.ने पिन उपटली.

त्या शांततेत मागून आवाज आला, "आटे मोजलेस. सुरुवाती मोजल्यास का?"

अण्णा उभे होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेलं व्हर्नियर. पंचविसाव्या वर्षी पंच्याहत्तरीतले अण्णा सीएनसीसमोर वाकले. स्क्रूच्या तोंडावर त्यांनी उजेड पाडला आणि नख फिरवलं.

"एक, दोन, तीन, चार. चार सुरुवातींचा आटा आहे बाळा. एका फेऱ्यात दोन नाही, आठ मिलिमीटर जाणार. असे शेकड्याने काढलेत मी."

बत्तीसशे भागिले आठ, चारशे. अडीचशेला चारशेने भागून मी ताळा करून पाहिला. साडेबासष्ट टक्के, पैशापर्यंत जुळला! डॉलर शंभर बरोबर चारशे असं टाइप झालं आणि यंत्र शहाण्या मुलासारखं चालू लागलं.

पहिलं काम म्हणून चिरंजीवांनी शंभर मिलिमीटरची पाटी कोरली. तीवर अण्णांचं नाव आणि खाली 'टर्नर'. अण्णांनी ती हातात घेतली. आता डोळे पुसतील म्हणून मी रुमाल काढला. त्यांनी व्हर्नियर लावलं.

"नव्याण्णव पूर्णांक आठ. आमच्याकडे रिजेक्ट झाली असती," म्हणाले आणि पाटी खिशात घालून आत गेले.

दुसरा दिवस रविवार. दुपारी तीनला मी आडवा झालो होतो, तेवढ्यात अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, व्हर्नियर खिशात लावून बाहेर आले.

"अण्णा, कुठे निघालात?"

"सेकंड शिफ्ट आहे," म्हणाले, आणि बाल्कनीत गेले.