आमचं सटाणा, दादाचा परदेश

तर झालं असं की, दोन महिन्यांपूर्वी रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. एवढ्या सकाळी एकतर प्रॉडक्शन पडलेलं असतं, नाहीतर अमेरिकेतून दादा. दादाच होता. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणाला, "अरे, खालचा मळा विकायला निघालाय. आपण घेऊ."

दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा. खालचा मळा म्हणजे सटाण्याजवळचं आमचं जुनं दोन एकर वावर, विहिरीसकट. 2004 साली दादाला अमेरिकेत एमएस करायला जायचं होतं, तेव्हा आबांनी (आमचे आजोबा) ते विकलं. आबा त्यावर कधी काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्या बांधावरून जायचं ते टाळायचे. लांबच्या रस्त्याने जायचे. हे दादाने पाहिलेलं नाही, मी पाहिलंय. पण त्याला कुणीतरी सांगितलं असणार, कारण तो मळा परत घ्यायचा हे त्याने वीस वर्षं डोक्यात ठेवलं होतं.

मी म्हटलं, "घे की मग." तेव्हा त्याने खरी गोष्ट सांगितली. "माझ्या नावावर होणार नाही म्हणतात. तुझ्या नावावर घेऊ. पैसे मी पाठवतो. तुझं नाव सातबाऱ्यावर आहेच, तू शेतकरी आहेस."

मी शेतकरी! पुण्यात दिवसाचे दहा तास कोड लिहिणारा, ज्याला कांद्याचं रोप आणि लसणाचं रोप अजून नीट ओळखता येत नाही, तो मी कागदोपत्री शेतकरी. आणि लहानपणी डाळिंबाच्या बागेत औषध मारलेला, बैल धरलेला दादा शेतकरी असूनही घेऊ शकत नाही. मजा आहे ना?

लगेच "हो" म्हणणार होतो. कारण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या दोन वर्षांची माझी फी दादाने भरली होती. तेल्या रोगाने बाग गेली होती आणि वडिलांकडे पैसे नव्हते. त्या पैशांचा त्याने आजवर एकदाही उच्चार केला नाही. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? पण आमच्या धंद्याची एक सवय आहे. समजल्याशिवाय 'ओके' दाबायचं नाही. म्हटलं, एक आठवडा दे.

मग नाशिकला ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ कुठला नागरिक आहे?" म्हटलं, अमेरिकेचा, 2018 पासून. ओसीआय कार्ड आहे. ते हसून म्हणाले, "मग त्याच्यासाठी सटाणा परदेश आहे. परदेशात जमीन घेताना जे सगळं बघतात, ते बघा."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याला वाटतं परदेशात प्रॉपर्टी घेणं म्हणजे दुबईला फ्लॅट. पण ओसीआय हे नागरिकत्व नाही. आपली राज्यघटना आणि 1955 चा नागरिकत्व कायदा दोन देशांचं नागरिकत्व एकत्र ठेवू देत नाही. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि वर काही सवलती. आणि परकीय चलन कायद्याखालच्या 2019 च्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक भारतात घर, दुकान, बिनशेती प्लॉट घेऊ शकतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची लागवड (चहा-कॉफीसारखी) मात्र विकत घेऊ शकत नाही. बक्षीस म्हणूनही घेऊ शकत नाही. म्हणजे दादाने भारतीय पासपोर्ट ठेवला असता तरी तिथे राहत असेपर्यंत हेच उत्तर आलं असतं.

त्यावर महाराष्ट्राचा वेगळा कुलूप-कायदा आहेच. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दोन कुलपं, दोन वेगळ्या किल्ल्या. एक उघडली म्हणून दुसरी उघडत नाही.

आणि जगात हे काही आपल्याकडेच नाही. थायलंडमध्ये परदेशी माणसाला साधारणपणे जमिनीची मालकी मिळत नाही, फ्लॅट मिळतो. मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यापासून 50 किलोमीटर आणि सरहद्दीपासून 100 किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला घर घ्यायचं तर ते बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं. आणि जिथे जिथे अशी बंदी असते, तिथे तिथे लोक एकच युक्ती काढतात. स्थानिक माणसाचं नाव लावायचं. दादाने मला सुचवलं तेच.

वकिलांना मी घाबरत घाबरत तेही विचारलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "याला बेनामी म्हणतात." 1988 चा कायदा 2016 साली दुरुस्त होऊन चांगलाच कडक झालाय. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं, फायदा पैसेवाल्याचा, असा व्यवहार सिद्ध झाला तर जमीन सरकारजमा. वर एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. आणि हे फक्त पैसे देणाऱ्याला नाही, नाव देणाऱ्यालाही. सख्खा भाऊ, आईवडील, बायको, मुलं यांच्यासाठी काही अपवाद आहेत, पण त्यांच्याही अटी आहेत. आणि चुलतभाऊ त्या यादीत नाहीच.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या मुद्द्याने. मी उद्या फिरलो, तर दादा कोर्टात जाऊन "जमीन खरी माझी आहे" असा दावाही करू शकत नाही. कायदाच तो दावा ऐकत नाही. मी म्हटलं, मी कशाला फिरेन? वकील म्हणाले, "तुम्ही नाही हो. पण उद्या तुम्ही नसलात, तर ती जमीन तुमच्या वारसांची. तुमच्या बायकोला, मुलांना ही गोष्ट माहीत असेल? पटेल?" माझं अजून लग्न नाही. पण बसमध्ये सटाण्यापर्यंत मी न झालेल्या बायकोशी मनातल्या मनात भांडत होतो!

घरी पोचल्यावर म्हटलं, निदान कागद तरी बघू. दादाला नाही तर नाही, वडिलांनी स्वतःच्या पैशाने घ्यायचा म्हटलं तरी हे बघावं लागणारच. आणि इथे मला आमच्या धंद्यातलीच एक गोष्ट सापडली. सातबारा म्हणजे सध्याची स्थिती, आणि फेरफार म्हणजे कमिट हिस्ट्री. नुसता सातबारा बघून जमीन घेणं म्हणजे शेवटची फाईल बघून कोड विकत घेणं. कोणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला ते फेरफारात असतं. वकिलांनी दिलेली यादी अशी:

सातबारा, आठ-अ आणि जुने सगळे फेरफार. दुय्यम निबंधकाकडे निदान तीस वर्षांचा शोध. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कूळ, बहिणींचे हक्क. भोगवटादार वर्ग 2 असेल तर विक्रीला परवानगी. बागलाण तालुक्यात आदिवासींच्या जमिनीही बऱ्याच आहेत. मूळ खातेदार आदिवासी असेल तर महसूल संहितेच्या कलम 36-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला ती जमीन जात नाही. त्यासाठी फेरफार मागे मागे जाऊन बघायचे. शिवाय तुकडेबंदी, विहिरीतला हिस्सा, आणि वावरात जायला रस्ता कुठून.

आमच्या गावात देवळात बसलेला देवसुद्धा मामलेदार आहे. यशवंतराव महाराज इथे मामलेदार होते. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, असं सांगतात. म्हणून देवमामलेदार. महसूल खात्याच्या माणसाला देव मानणाऱ्या गावात आम्ही कागदांकडे मात्र ढुंकून बघत नाही. कारण तलाठी भाऊसाहेबांकडे कागद काढताना जे सापडलं ते भलतंच होतं.

वरच्या मळ्यातला काकांचा अडीच एकर अजून काकांच्याच नावावर! काका 2021 मध्ये गेले, काकू त्यांच्याआधी. वारस नोंद कुणी केलीच नव्हती. वारसाहक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, आम्ही काही वर्षं झोपलो होतो. दादा तिकडे, आणि इकडे माझे वडील ते कसतायत म्हणून कुणाला वाटलंच नाही.

आणि गंमत बघा. परकीय चलनाचे नियम विकत घ्यायला नाही म्हणतात, पण वारसाने आलेली शेतजमीन ठेवायला हो म्हणतात. ज्या दादाला सटाण्यात एक गुंठा वावर विकत घेता येत नाही, त्याच दादाचं अडीच एकर आधीच होतं. फक्त कुठे लिहिलेलं नव्हतं. पुढे विकायचं झालं तर ते इथल्या शेतकऱ्यालाच विकावं लागेल, दुसऱ्या अनिवासी माणसाला नाही, एवढंच.

आठवड्याने दादाला फोन केला. आधी पाठ केलं होतं सगळं, कलमांसकट. पण सुरुवात केली ती "दादा, मला जमणार नाही" अशीच. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, "माझा आहे रे. पण कागदाला विश्वास वाचता येत नाही." तो "ठीक आहे" म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर तीन आठवडे फोन नाही. त्या तीन आठवड्यांत मला त्या फीच्या पावत्या रोज आठवत होत्या.

मग एक मेल आला. आत काही मजकूर नाही, फक्त काकांच्या मृत्यूच्या दाखल्याचा स्कॅन आणि एक प्रश्न: "वारस नोंदीला आणखी काय लागतं?"

आता ते काम चालू आहे. त्याने वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र पाठवायचं ठरवलंय. फक्त अर्ज आणि कागदपत्रांपुरतं, विक्रीचा अधिकार नाही (हे माझ्या वडिलांनीच सुचवलं). असं मुखत्यारपत्र तिथे वकिलातीतून साक्षांकित किंवा अपोस्टिल करावं लागतं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. गावात घर बांधायला बिनशेती प्लॉट घ्यायचं त्याच्या मनात आहे. तो त्याच्या स्वतःच्या नावावर होईल. पैसे बँकेतून, त्याच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, आणि त्याआधी पॅन.

खालचा मळा गेला. शेजारच्या गावातल्या एकाने घेतला. मागच्या रविवारी सटाण्याला गेलो तेव्हा त्या बांधावरून मुद्दाम चालत गेलो. नवीन मालक विहिरीवर मोटार बसवत होता. "कसा शे भाऊ?" म्हणाला. मी म्हटलं, बरं आहे. आमचं होतं हे, असं काही बोललो नाही.

असो. दुबईला फ्लॅट घ्या, टेक्सासला घर घ्या, नाहीतर सटाण्याला वावर. आधी एवढंच विचारा, की तिथल्या कागदावर मी कोण आहे? आणि घरातल्या कुणाची वारस नोंद राहिली असेल, तर येत्या सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाका. आम्ही टाकली नव्हती.