गोल्फचा उस्ताद कोण?

आमच्या मोहल्ल्यात गोल्फ हा भिंतीपलीकडचा खेळ. अलीकडे गल्लीतलं क्रिकेट, पतंग आणि कॅरम. पलीकडे हिरवळ, पांढरे बूट आणि इंग्रजी. ही भिंत आमच्या घरातून दोघांनी ओलांडली. पहिले आमचे मामू. पुण्यातल्या एका जुन्या क्लबात ते तीस वर्षं कॅडी होते. म्हणजे साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मैदानभर त्यांच्यासोबत चालायचे. दुसरे आम्ही. 2004 साली कंपनीत बढती मिळाली आणि मोठ्या साहेबांनी फर्मावलं, "रविवारी खेळायला या." क्लब तोच. मामू मागच्या फाटकानं जात, आम्ही पुढच्या फाटकानं गेलो. साहेबांनी सहज विचारलं, "घरात कुणी गोल्फमध्ये होतं का?" आम्ही म्हणालो, "नाही."

गोल्फचा चेंडू जागेवर पडून असतो. तो कुणी टाकत नाही, कुणी अडवत नाही. तरी तो आम्हाला सरळ मारता येईना. उजव्या हातानं खेळणाऱ्या नवशिक्याचा जो ठरलेला रोग, तोच आम्हाला जडला. चेंडू हवेत उजवीकडे वळत जाई आणि झाडीत गडप होई. याला स्लाइस म्हणतात. रोग्याभोवती हकीम जमावेत तसे सल्लागार जमले. एक म्हणाला, डोकं हलतंय. दुसरा म्हणाला, कोपर ताठ ठेवा. तिसरा म्हणाला, कंबर आधी फिरवा. गंमत म्हणजे तिघांचेही चेंडू आमच्याच झाडीत सापडत.

आम्ही लहानपणापासून छापील अक्षरावर भरवसा ठेवणारे. बेन होगन यांचं 'फाइव्ह लेसन्स' मिळवलं. होगन 1949 साली मोटार अपघातात मरता मरता वाचले आणि पुढच्याच वर्षी यू.एस. ओपन जिंकले. 1957 सालचं त्यांचं हे पुस्तक गोल्फच्या जगात आजही मानानं वाचलं जातं. चित्रं बघत आम्ही आरशापुढे उभे राहिलो, काठीची पकड हुबेहूब उतरवली. स्लाइस दुप्पट झाला! दोष पुस्तकाचा नव्हता. होगन यांना छळलं होतं ते नेमक्या उलट्या रोगानं. त्यांचा चेंडू डावीकडे वळे. त्यावर त्यांनी स्वतःपुरता शोधलेला उतारा त्यांना मानवला. जुलाबाच्या रोग्यानं बद्धकोष्ठाचं औषध घ्यावं, तसं आम्ही केलं होतं.

मग पैसे मोजून एक प्रशिक्षक धरले. त्यांनी नियम सांगितला, की चेंडू निघतो तो काठी ज्या दिशेनं फिरते त्या दिशेला, आणि शेवटी जातो तो काठीच्या पात्याचं तोंड जिकडे असेल तिकडे. हा त्यांच्या घरचा शोध नव्हता. त्या काळी पुष्कळ ठिकाणी असंच शिकवलं जाई. समोर एक बाभूळ होती, तिच्यामागे निशाण. ते म्हणाले, "पातं निशाणाकडे रोखा, काठी झाडाच्या डावीकडे फिरवा, चेंडू झाडाला वळसा घालील." आम्ही तीनदा मारला. तिन्ही वेळा चेंडू बुंध्यावर. "तुमचं मनगट चुकतंय," असा निकाल मिळाला.

त्या संध्याकाळी मामूंकडे गेलो. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"पातं कुठं बघत होतं?"

"निशाणाकडे."

"आणि मधी काय होतं?"

"बाभूळ."

"मग बाभळीलाच लागणार की! बॉल आधी तोंडाचं ऐकतो. काठी कुठून कुठं गेली, त्यानं मागाहून वळतो."

आम्ही म्हणालो, "मामू, त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे. छापूनही तसंच आलंय."

"देख भांजे, बॉल झूट नै बोलता. उद्या ये. बॉलच्या पुढं दहा पावलांवर कामटी रोवू. कुठल्या बाजूनं निघतो ते तूच बघ."

त्यावर आमच्या तोंडून जे गेलं, ते आज लिहितानाही जड जातं. "मामू, तुम्ही आयुष्यभर पिशव्या उचलल्यात. खेळलात कुठं?"

मामू गप्प झाले. खरं तर ते खेळले होते. त्या क्लबात सोमवारी सकाळी कॅडींना खेळायची मुभा असे. साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांना नवं रबर चढवून ते खेळत. त्यांच्या भिंतीवर अली शेर यांचा पेपरातून कापलेला फोटो होता. कॅडीचं काम करत वर आलेले अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले, आणि 1993 साली ती स्पर्धा त्यांनी पुन्हा जिंकली. तो फोटो आम्ही शंभरदा पाहिला होता. मामूंनी तो का लावलाय, असं एकदाही विचारलं नव्हतं.

कामटी रोवायला आम्ही गेलो नाही. 2007 साली मामू गेले.

2011 साली कामानिमित्त दुबईला जाणं झालं. तिथल्या एका सरावाच्या मैदानावर चेंडूच्या मागे रडारची पेटी ठेवली होती. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीनं अशी यंत्रं आणल्यापासून चेंडूची दिशा, वेग आणि फिरकी आकड्यांत मोजता येऊ लागली होती. पडद्यावर आमचाच फटका उमटला. शेजारच्या गृहस्थांनी समजावलं, की फटका पात्याच्या मध्यावर बसला तर ड्रायव्हरनं मारलेल्या चेंडूची सुरुवातीची दिशा सुमारे 85 टक्के पात्याच्या तोंडावर ठरते, आणि लोखंडी काठ्यांनी मारलेल्याची सुमारे 75 टक्के. चेंडू पुढे वळतो तो पात्याचं तोंड आणि काठीचा मार्ग यांतल्या फरकामुळे. म्हणजे शब्दशः मामूंचं म्हणणं! पुढे कळलं, की ब्रिटनमधल्या कॉक्रन आणि स्टॉब्स यांच्या पुस्तकात हे 1968 सालीच मांडलेलं होतं. छापलेलंही होतं, पण बरोबर पान आमच्या हाती आलं नव्हतं.

मग इतके दिवस इतके जाणते लोक चुकले कसे? काठी आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. तो क्षण कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. खेळणाऱ्याला नंतरचं वळण तेवढं दिसतं. पण कॅडीचं काम चेंडू शोधायचं. तो कुठल्या बाजूनं निघाला हे चुकलं, की चेंडू हरवला आणि बोलणी बसली. मामूंनी तीस वर्षं नेमकं तेच पाहिलं होतं. त्यांची रोजी त्या पाहण्यावर होती.

म्हणून मामूंचं सगळंच खरं होतं असं मात्र नाही. चेंडू गेल्यावरही डोकं खालीच ठेव, असं ते बजावत. आमची पाठ त्यानं धरली. दहा मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या स्वीडनच्या अ‍ॅनिका सोरेनस्टाम यांचं डोकं तर फटक्याबरोबरच वर फिरे. पाठ धरल्यावर आम्हाला उमगलं, की हे मामूंनी पाहिलेलं नव्हतं. साहेबांच्या तोंडून ऐकलेलं होतं. पाहिलेलं खरं निघालं, ऐकलेलं कच्चं.

आज मोबाईल उघडला की शेकडो गुरू हात जोडून उभे असतात. आम्ही आता प्रत्येकाला मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतो. हे तुम्ही पाहिलंत, मोजलंत, की ऐकलंत? हे औषध कुठल्या रोगावरचं आहे? आणि माझा चेंडू त्याला होकार देतो का? तिसऱ्या प्रश्नासाठी सामान फार लागत नाही. पात्यावर थोडी पावडर लावली, तर चेंडू कुठे लागला ते उमटतं. पुढे कामटी रोवली, तर चेंडू कुठून निघाला ते कळतं. एका वेळी एकच सल्ला घ्यायचा आणि वीस चेंडू मारून बघायचे. आमचा स्लाइस गेला नाही. पण झाडीत जाणारे चेंडू निम्म्यावर आलेत.

परवा सरावाला शेजारी एक तरुण होता. आमची कामटी बघून म्हणाला, "अंकल, हे कुठल्या कोचनं शिकवलं?"

आम्ही म्हणालो, "आमच्या मामूंनी. ते याच क्लबात कॅडी होते."

सांगायला वीस वर्षं लागली. ऐकायला मामू नव्हते.