पातळ तेल की घट्ट तेल?



आजवर मी तुमच्याशी चातुर्मासातल्या स्वयंपाकाबद्दल, दशलक्षण पर्वातल्या धावपळीबद्दल, सुना-नातवंडांबद्दल बोलत आले. आज बोलणार आहे गाडीच्या इंजिन ऑइलबद्दल. हसू नका. या तेलापायी आमच्या घरात दोन दिवस अबोला झाला. चाळीस वर्षांच्या संसारात एवढा लांब अबोला आम्ही कधी धरला नव्हता.

गेल्या पाडव्याला मुलानं आम्हा दोघांसाठी नवी गाडी घेतली. तो पुण्यात, आम्ही इचलकरंजीत. मंदिर, बाजार, दवाखाना आणि महिन्यातून एखाद्या रविवारी कुंभोज बाहुबली, एवढंच आमचं फिरणं. गाडी दारात आली त्याच आठवड्यात ह्यांचे जुने मिस्त्री पेढे खायला आले. बॉनेट उघडून म्हणाले, "काका, हजार किलोमीटर झालं की कंपनीचं तेल काढून टाका आणि चांगलं घट्ट तेल घाला. हे पाण्यासारखं तेल आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही." ह्यांनी मान डोलावली.

ह्यांच्या बाजूनं आधी सांगते. आमची पहिली गाडी म्हणजे जुनी घेतलेली फियाट, प्रीमियर पद्मिनी. तिला ह्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. ती तेल प्यायची, धूर सोडायची आणि २०डब्ल्यू-४० तेलावर खूश असायची. त्या काळी नव्या इंजिनात भाग एकमेकांवर घासून लोखंडाचा बारीक कीस तेलात उतरायचा, म्हणून पहिलं तेल लवकर काढायची पद्धत होती. शिवाय ह्यांचा बारा मागांचा कारखाना होता. तेल-ग्रीसमध्ये हात बुडवूनच आयुष्य गेलं. तीन वर्षांपूर्वी माग मोडीत घातले. तेव्हापासून ह्यांना घरात कुणी फारसं काही विचारत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

हजार किलोमीटरला मोफत सर्व्हिस झाली. तिथं नुसती तपासणी झाली, तेल बदललं नाही. हे घरी येईपर्यंत कुरकुरत होते. मी म्हटलं, पुस्तकात काय लिहिलंय ते बघू. गाडीबरोबर आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात कोऱ्या पिशवीतच होतं. मी बी.कॉम. झालेली बाई. अटी वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे आमच्या सरांनी डोक्यात घातलेलं. पण खरं सांगते, तेव्हा मीही ते पुस्तक उघडलं नाही. विषय तिथंच राहिला.

यंदा पाडवा जवळ आला तशी गाडीला वर्ष पूर्ण होत आलं. काटा बेचाळीसशे किलोमीटरवर. आता हे उलटं म्हणायला लागले, "चार हजारावर तेल कशाला बदलायचं? आणि बदलायचंच तर मिस्त्रींकडून घट्ट तेल घालून घेऊ." त्या रात्री मी पुस्तक काढलं आणि चष्मा लावून बसले.

मला समजलं ते तुम्हाला सोपं करून सांगते.

आमच्या पुस्तकात पहिला ऑइल बदल दहा हजार किलोमीटरला किंवा एका वर्षानं, यातलं जे आधी होईल तेव्हा, असं होतं. "यातलं जे आधी होईल" हे शब्द महत्त्वाचे. आपल्यासारख्यांच्या गाड्या किलोमीटरनं म्हाताऱ्या होत नाहीत, महिन्यांनी होतात. घर ते मंदिर दोन किलोमीटर गाडी नेली की इंजिन पुरतं तापायच्या आतच आपण ती बंद करतो. मग पेट्रोलचा अंश आणि ओल तेलात साचत राहते. लांब चालणाऱ्या गाडीत तेल नीट तापून ही ओल उडून जाते. म्हणून कमी चाललेल्या गाडीचं तेल "अजून नवंच आहे" असं धरू नये.

मग ते आकडे. आमच्या गाडीला ०डब्ल्यू-२० लिहिलं होतं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा इंजिन गार असताना तेल किती सहज वाहतं ते सांगतो. आकडा लहान, तेवढं तेल लवकर वर चढतं. नंतरचा आकडा तेल शंभर अंशांवर तापलेलं असताना किती दाट राहतं ते सांगतो. बाहेर आपल्या उन्हाळ्याचे चाळीस अंश असोत की पौषातले पंधरा, चालून तापलेल्या इंजिनात तेल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असतं. कंपनीनं आकडा ठरवताना हे धरलेलं असतं. नव्या इंजिनात भागांमधल्या फटी बारीक, तेलाच्या वाटा अरुंद. काही इंजिनांत तर तेलाच्या दाबावरच आतली यंत्रणा हलते. तिथं घट्ट तेल वेळेवर पोचत नाही, आणि सकाळी गाडी सुरू करतानाचे पहिले काही क्षणच इंजिनाला जड जातात.

तिसरी गोष्ट डब्यावरच्या गोल शिक्क्यातली, एपीआयची अक्षरं. पेट्रोल गाडीला 'एस'पासून सुरू होणारी जोडी असते : एसएल, एसएम, एसएन, एसपी. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका निकष नवा. एसपी २०२० साली आला. पुस्तकात एसएन असेल तर एसपी चालतं, पण मागचं अक्षर चालत नाही.

एवढं समजल्यावर मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. तिथंच चुकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि मी पुस्तक ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी ते बाजूला सारलं. "पुस्तकं वाचून गाडी चालत नाही. मी तेलात आयुष्य काढलंय." मी फटकन बोलले, "काढलंत, पण तुमचा तो काळ गेला आता."

हे काही बोलले नाहीत. उठून गॅलरीत जाऊन बसले. माग मोडीत निघाले त्या दिवशीही असेच बसले होते.

दोन दिवस घरात "जेवायला या" आणि "दार लावून घे" यापलीकडे शब्द नाही. सामायिकाला बसले तरी मन त्या वाक्यावरच. वाटायचं, मी बोलले ते खोटं कुठं होतं? पुस्तक तर माझ्याच बाजूचं. मग लहानपणी पाठशाळेत घोकलेला स्याद्वाद आठवला. कोणतंही म्हणणं कोणत्या अपेक्षेनं, हे सांगितल्याशिवाय पुरं होत नाही. "घट्ट तेल चांगलं" हे फियाटच्या अपेक्षेनं खरंच होतं. "पातळ तेल चांगलं" हे या गाडीच्या अपेक्षेनं खरं. मी मात्र ह्यांचं खरं पार पुसूनच टाकायला निघाले होते. प्रवचनात अनेकांत ऐकायला गोड वाटतो. स्वतःच्या नवऱ्याशी बोलताना तो कुठं जातो कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी चहा देताना मी म्हटलं, "अहो, त्या दिवशी फार तोडून बोलले. क्षमा करा." आणि मग, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं, "कारखान्यात सगळ्या मशिनांना एकच तेल घालायचात का हो?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "एकच कसं घालीन? गिअरला ग्रीस. बेअरिंगला जाड तेल. कांडी मशिनच्या स्पिंडलला मात्र एकदम पातळ. ते गरागरा फिरतंय, जागा बारीक. तिथं जाड तेल घातलं की स्पिंडल जड होतंय, तापतंय. एका नव्या पोरानं एकदा घातलं होतं, सगळी मशीन उघडावी लागली..." बोलता बोलता थांबले. कप खाली ठेवला. "आण बघू ते पुस्तक. मोठ्यानं वाच. माझा चष्मा कुठाय कोण जाणे."

मी वाचलं. ह्यांनी दोनदा वाचायला लावलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे हे स्पिंडलसारखं आहे. असं सांगायचं की मग."

पुस्तकात तर ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते ह्यांनाच ठाऊक होतं.

सर्व्हिसला आम्ही दोघं मिळून गेलो. वॉरंटीची मुदत असल्यानं अधिकृत ठिकाणीच गेलो. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे न बघता ह्यांनाच सांगत होता. हे म्हणाले, "हिशोब त्यांना दाखवा." कागदावर ऑइल चार लिटर लावलं होतं. पुस्तकात फिल्टरसकट साडेतीन. शिवाय इंजिन फ्लशिंग आणि तेलात घालायचं कसलं तरी औषध. मी विचारलं, "हे दोन्ही पुस्तकात कुठं लिहिलंय ते दाखवता का?" त्यानं दोन्ही ओळी खोडल्या आणि लिटरही दुरुस्त केले. आवाज चढवावा लागला नाही. ऑइल फिल्टर मात्र आम्ही आवर्जून नवा घालून घेतला. आपण पाणी गाळणारी माणसं. मळक्या गाळण्यातून नवं पाणी कुणी गाळतं का?

काम झाल्यावर ह्यांनी सपाट जागी गाडी लावून घेतली. पाच मिनिटं थांबून दांडी काढली, पुसली, परत घातली. तेल दोन खुणांच्या मध्ये आहे हे स्वतः बघितलं. कमी तेल वाईट तसंच खुणेच्या वर भरलेलंही वाईट, हे तिथल्या पोराला समजावून सांगितलं. तोही मन लावून ऐकत होता.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगते. मिस्त्रींकडे तेल बदललं की जळकं ऑइल डब्यात भरून घरी देतात. शेतावरच्या दाराच्या चौकटीला, कुंपणाच्या खांबांना ते वाळवीसाठी फासायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. आमच्याकडेही फासत होते. त्यात किती जीव जातात आणि उरलेलं मातीत, विहिरीच्या पाण्यात कुठवर झिरपतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. वापरलेलं तेल हा सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. तो परवानाधारक पुनर्प्रक्रियेकडे जायला हवा. यापुढे आमच्या घरी तो डबा येणार नाही.

तुमच्याही दारात नवी गाडी असेल तर एवढं करा. पुस्तकातला आकडा आणि अक्षरं एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. दुकानातून तेल घेणार असाल तर सीलबंद डबा घ्या, आणि रिकामा झाला की त्याला भोक पाडा, म्हणजे त्यात कुणी भेसळीचं तेल भरून विकणार नाही. बिल जपून ठेवा, त्यावर ग्रेड लिहून घ्या. आणि घरात कुणी जुनं-जाणतं वेगळं सांगत असेल तर पुस्तक दाखवायच्या आधी त्यांना एकदा विचारा, ते कोणत्या मशीनबद्दल बोलताहेत.

महावीर जयंतीनंतरच्या रविवारी आम्ही बाहुबलीला जाऊन आलो. निघायच्या आधी हे दांडी काढून तेल बघत होते. हात पुसायला फडकं हवं म्हणून मला हाक मारली. गेले तर म्हणाले, "बघ, मधासारखा रंग आहे अजून." मीही वाकून बघितलं.

जय जिनेंद्र.