तिसऱ्या नंबरचा एक गुण

आमच्या सिकंदराबादेत मोटारसायकल म्हणजे घरातलं कष्टाचं जनावर. गॅसचं सिलिंडर, पंचवीस किलो तांदळाचं पोतं, शाळेची दोन मुलं, दवाखान्यात न्यायची सासू, सगळं तिच्यावरूनच जातं. तिची शर्यत लावतात आणि ती बघायला लोक तिकीट काढतात, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. शर्यतीशी आमचा एकच संबंध आला होता. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागरच्या काठी विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली, भारतातली पहिलीच. आमच्या भिशीतल्या बायकांना त्यातलं एवढंच कळलं, की नेकलेस रोड बंद आहे आणि लग्नाला लांबून जावं लागणार.

माझं माहेर जयसिंगपूरचं. त्या भागात पोरांना गाडीचं वेड जरा जास्तच. माझा भाचा, भावाचा मुलगा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मातीच्या ट्रॅकवर गाडी उडवतो. मागच्या वर्षी कुठल्याशा गावाबाहेरच्या माळावर शर्यत होती. तिथं पडला आणि हासळीचं हाड मोडलं. माळावर ना डॉक्टर, ना अँब्युलन्स. मित्रांनी उसाच्या ट्रॉलीमागून वाट काढत टेम्पोत घालून त्याला आणलं. ते दोन महिने वहिनीनं कसे काढले ते मी फोनवर ऐकलंय. म्हणून २०२५ च्या डिसेंबरात तो म्हणाला, "आत्या, गच्चीबावलीला सुपरक्रॉस आहे, मी येतोय," तेव्हा पाठोपाठ वहिनीचा फोन आला. "वन्सं, येऊ दे त्याला. तुमचं ऐकतो तो. बसवून नीट समजवा, हे खूळ सोड म्हणावं."

म्हणजे मी शर्यतीला गेले ती पाहुणचार म्हणून कमी आणि वकिली करायला जास्त.

हे इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग नावाचं प्रकरण २०२४ मध्ये सुरू झालं. पहिला हंगाम पुणे, अहमदाबाद, बेंगळुरू असा झाला. दुसरा २०२५ मध्ये पुण्याला ऑक्टोबरात सुरू झाला, डिसेंबरात आमच्याकडे आला आणि शेवटची फेरी कोझिकोडला. सलमान खान त्याचा ब्रँड अॅम्बेसेडर. वहिनीला सगळ्या प्रकरणात तेवढंच आवडलं. मोटोक्रॉस डोंगरउतारावर होतं. सुपरक्रॉसमध्ये तो डोंगरच ट्रकनं स्टेडियमात आणतात. माती ओततात, दाबतात, उंचवटे, खड्डे, वळणं तयार करतात आणि खेळ झाला की पुन्हा उचलून नेतात. भाचा मला परेड ग्राउंडपासून रायदुर्गपर्यंत मेट्रोत हेच समजावत होता. मी मान डोलवत होते. माझं लक्ष डब्याकडे. हिवाळ्यात इथे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्याच्या आत जेवण उरकायचं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही स्टेडियमच्या बाहेर फुटपाथच्या कठड्यावर बसून खाल्ली.

तसं मी अगदीच कोरी नव्हते, हे त्याला सांगून मी त्याला चकित केलं. लेकीच्या बाळंतपणाला ग्लासगोला होते, तेव्हा जावयानं एका शुक्रवारी संध्याकाळी आम्हाला अॅशफिल्ड स्टेडियमला नेलं होतं. जून महिना, तिथे सूर्य रात्री दहापर्यंत ढळत नाही, त्यामुळे जेवणाची काही घाई नव्हती. (इतकी निवांत संध्याकाळ मला आयुष्यात मिळाली नाही.) तिथल्या खेळाला स्पीडवे म्हणतात. लंबगोल मातीचा ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, एक मिनिट आणि संपलं. गाडी पाचशे सीसीची, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच! वळण आलं की मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीवर टेकवत वळायचं. त्या पायात लोखंडी तळाचा बूट. आम्ही वळणाजवळ उभे होतो, माझ्या शालीवर माती उडाली.

ग्लासगो टायगर्सचा संघ तिथल्या चॅम्पियनशिप नावाच्या लीगमध्ये खेळतो. ती दुसऱ्या फळीची लीग, तिच्या वर प्रीमियरशिप. पण माणसं पोरंबाळं घेऊन येतात, आजोबा लोक हातात कार्यक्रमपत्रिका घेऊन प्रत्येक शर्यतीचे गुण पेन्सिलीनं भरतात, आपल्याकडे बायका भिशीच्या वहीत भरतात तसे. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. अशा पंधरा शर्यती मिळून एक सामना. मला त्यातलं एक लक्षात राहिलं. पहिला केव्हाच पोचला होता आणि लोक ओरडत होते ते मागे तिसऱ्या जागेसाठी झगडणाऱ्या दोघांकडे बघून. तो एक गुणच सामना फिरवू शकतो, असं जावई म्हणाला.

तिथं घरी परतल्यावर लेकीनं आणखी एक सांगितलं, ते मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते. इंग्लंडमध्ये या खेळाचं खरं वेड सुरू झालं ते १९ फेब्रुवारी १९२८ ला, लंडनजवळच्या हाय बीचला. ऑस्ट्रेलियातून आलेला खेळ. त्या पहिल्या दिवसांत फे टेलर नावाची आयरिश मुलगी पुरुषांबरोबर शर्यती मारत होती, जिंकतही होती. मग १९३० मध्ये बायकांना तिथे बंदी झाली. का, तर बायकांना लागेल. पुरुषांना लागत नव्हतं असं नाही!

तर गच्चीबावली. आठ-दहा हजार दिव्यांचा असावा असा झगझगाट, ढोल, धूळ, पाण्याचा फवारा मारणारा टँकर. सुरुवातीला ओळीत लोखंडी फाटक असतं, ते एकदम खाली पडतं आणि सगळ्या गाड्या एकाच वळणावर तुटून पडतात. लग्नात जेवणाचं दार उघडल्यासारखं. मोठ्या गाड्यांचे ४५० सीसीचे स्वार बहुतेक परदेशी. ते उंचवट्यावरून सुटले की दोन मजले वर जाऊन तरंगतात आणि अलगद उतरतात. बघताना मी भाच्याचा दंड धरला होता, तो म्हणाला, "आत्या, तो हासळीवाला हात आहे."

त्याला मात्र ओढ होती ती दुसऱ्या गटाची, भारत आणि आशियातल्या स्वारांच्या अडीचशे सीसीची. पुण्याच्या ऋग्वेद बारगुजेसारखी आपल्याकडची पोरं या लीगमध्ये आहेत. शिवाय पहिल्या हंगामापासून कोल्हापूरच्या मोहित्यांचा संघ आहे, म्हणजे आमच्या घराशेजारचाच. त्या परदेशी लोकांइतकं उंच ही मुलं उडत नाहीत. मी तसं बोलूनही दाखवलं. तो रागावला नाही. "ते चार वर्षांचे असल्यापासून चालवतात, आत्या. मला तिथं जायचंच नाही. मला संघात हवंय. आठवा आलो तरी गुण संघाला जातो."

मी गप्प बसले, कारण मला अॅशफिल्डचे पेन्सिलवाले आजोबा आठवले. मला वहिनीनं जी वाक्यं पढवून पाठवली होती, त्यातली सगळी "तू काय जगज्जेता होणार आहेस?" या प्रश्नावर उभी होती. आणि हा तर तसं म्हणतच नव्हता.

मध्ये एक स्वार पडला. लगेच पिवळं निशाण हललं, मागचे मंदावले, दोन माणसं धावली, अँब्युलन्स दारातच उभी होती. तो उठून लंगडत बाहेर गेला. माझे डोळे त्या अँब्युलन्सवरून हलेनात. माळावरची शर्यत आणि ही शर्यत, दोन्हींत पडणं सारखंच. फरक पडल्यानंतरच्या पाच मिनिटांत आहे. देशातल्या मोटार खेळांची संघटना, एफएमएससीआय, तिच्या मान्यतेच्या शर्यतीत डॉक्टर लागतो, स्वाराला लायसन्स लागतं, हेल्मेट-कपड्यांची तपासणी होते. माळावर यातलं काही नव्हतं. ते भाच्यालाही ठाऊक होतं. प्रवेश फी कमी म्हणून तो तिथं गेला होता.

परतताना मेट्रोत मी त्याला सी. एस. संतोषबद्दल विचारलं. २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. २०२१ च्या जानेवारीत त्याच रॅलीत सौदी अरेबियात पडला, डोक्याला मार, कित्येक दिवस औषधांनी बेशुद्ध ठेवलं होतं. बरा झाला, आणि बिगरॉक नावाच्या ज्या संघानं या लीगचा पहिला हंगाम जिंकला, त्याचा मालक तो. वहिनीच्या बाजूनं बोलायचं तर निम्मी गोष्ट पुरे. भाच्याच्या बाजूनं बोलायचं तर उरलेली निम्मी. मी त्याला पूर्ण विचारली आणि त्यानं पूर्ण सांगितली, रुग्णालयाच्या दिवसांसकट. आईला हे माहीत आहे का म्हटलं, तर म्हणाला, "तिला पडलेलंच तेवढं माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीला फोन केला. म्हटलं, मी त्याला सोड म्हणणार नाही. पण तीन गोष्टी त्यानं कबूल केल्यात. डिप्लोमा पूर्ण होईतो एकही शर्यत नाही. त्यानंतर लायसन्स काढायचं आणि मान्यता असेल तिथंच उतरायचं. आणि छातीचं कवच, मानेचा पट्टा, गुडघ्याची गार्डं, बूट, सगळं नवं. मित्राचं उसनं नाही. त्याचे पैसे माझे. मार्चमध्ये माझा भिशीचा नंबर आहे, सोन्याचे भाव बघता त्यात बांगडी काही व्हायची नाही, मग हे तरी होऊ दे.

वहिनी बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन ठेवला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली, मग तिनं गॅस बंद केल्याचा आवाज. "तुम्हाला वकील म्हणून पाठवलं, तुम्ही पलीकडच्या बाजूला जाऊन बसलात," म्हणाली. आवाजात राग होता, तो मी नाकारत नाही.

संध्याकाळी पुन्हा तिचाच फोन. "बुटाचा नंबर किती सांगितला त्यानं?"

"नऊ."

"दहा लागतो. दुकानात तंग घालून घेतो आणि मग घरी पाय चोळत बसतो. दहाच घ्या."